‘कधीच नाही’ या उत्तराचा पाठलाग : पाणी-प्रकल्पाच्या नोंदी, नागपूर

८ एप्रिल २०२४, सोमवार

आजपासून नोंदी ठेवते आहे. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमची अट एकच : पद्धतीबद्दल हवं ते लिही, पण निकालाचे आकडे नाहीत आणि वस्तीचं नाव तर मुळीच नाही. मान्य. त्यामुळे वस्ती नाग नदीच्या अलीकडे की पलीकडे, एवढंही इथे येणार नाही.

विषय घरोघरच्या पाण्याच्या असुरक्षिततेचा. नागपूरला पाणी पेंच धरणातून आणि कन्हान नदीतून येतं. ते किती दशलक्ष लिटर, हे मोजायला मीटर आहेत. पण उद्या पाणी येईल की नाही या धास्तीत एखादं घर किती जगतं, त्याला मीटर नाही. ती धास्ती दिसत नाही, तिच्या खुणा दिसतात. कपडे दोन दिवस तसेच पडतात, स्वयंपाकात भाजी बदलते, नळावर भांडण होतं, अंघोळ उद्यावर जाते. या खुणा एकमेकींसोबत कमीजास्त होत असतील, तर त्यांच्या मागे एक न दिसणारी गोष्ट आहे असं धरायचं आणि खुणांवरून तिचा अंदाज बांधायचा. लेटंट चल म्हणतात ते हेच. पुस्तकांत ‘अव्यक्त चल’ असाही शब्द आहे, पण आमच्या खोलीत तो कुणी वापरत नाही.

कल्पना जुनी. मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्ये शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले गुण एकत्र वरखाली होताना पाहिले आणि त्यामागे एक सामान्य बुद्धी असावी असं मांडलं. बुद्धीचं पुढे जे झालं ते झालं, पण गणित टिकलं.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडवा. आज प्रश्नावलीवर पहिली बैठक.

आधार घेतोय एचवाइज (घरगुती पाणी-असुरक्षिततेचे अनुभव मोजणारी) या मापनपट्टीचा. २०१९ मध्ये प्रकाशित झालेली, २३ देशांतल्या २८ ठिकाणी तपासलेली. १२ प्रश्न, सगळे मागच्या ४ आठवड्यांबद्दल. कधीच नाही म्हटलं तर ०, एकदोनदा १, ३ ते १० वेळा २, त्याहून जास्त असेल तर ३. बेरीज ० ते ३६. १२ किंवा वर गेली की घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित धरायचं.

मी उत्साहाने आणखी तीन प्रश्न घालून नेले होते : नळ किती तास येतो, साठवण किती लिटरची, हापशी किती लांब. मॅडमनी पेन्सिलने तिन्हींवर काट मारली आणि म्हणाल्या, “नळ दोन तास येतो म्हणून काळजी वाटते. काळजी वाटते म्हणून नळ दोन तास येत नाही. बाण कुठून कुठे जातो ते आधी ठरव.”

यावर मी वर्गात परीक्षा दिलेली आहे, चांगले गुणही पडले होते. तरी चुकलेच. खूण आणि कारण यांत फरक आहे. मॉडेलमध्ये फॅक्टरकडून, म्हणजे त्या न दिसणाऱ्या गोष्टीकडून, खुणांकडे बाण जातो : धास्ती वाढली की खुणा वाढतात. नळाचे तास हे कारण, त्याचा बाण उलट्या दिशेने फॅक्टरकडे यायला हवा. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर सॉफ्टवेअर कुरकुर न करता उत्तर देतं, आणि तीच पंचाईत.

मग एक प्रश्न मात्र मी हट्टाने ठेवला, तेरावा : “पाणी नसल्यामुळे कूलर कोरडा ठेवावा लागला, असं किती वेळा झालं?” ही पट्टी जगभर चालते, पण एप्रिल-मे महिन्यातल्या नागपूरचं तिला काय माहीत! इथे उन्हाळ्यात घरातला सगळ्यात तहानलेला प्राणी कूलर असतो. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “ठेव. बघू काय करतो तो.”

१३ एप्रिल, शनिवार

चाचणी म्हणून ओळखीच्या वस्तीत आठ घरं केली. सोबत एक ताई होत्या. आरोग्य सर्वेक्षणांचा त्यांना दांडगा अनुभव, सगळी गल्ली त्यांना नावानिशी ओळखते.

बाराव्या प्रश्नावर गाडी अडकली. मूळ प्रश्न पाण्यावाचून लाज वाटण्याबद्दल, वेगळं पडल्यासारखं वाटण्याबद्दल आहे. मी सरळ ‘लाज वाटली का’ असं विचारलं. एक आजी उखडल्याच. “लाज काहून वाटन? आम्ही का चोरी करून राहिलो का पाण्याची?”

ताईंनी मला बाजूला सारलं आणि विषयच बदलला. सुनेचं माहेर कुठलं, या उन्हाळ्यात कोण येऊन गेलं वगैरे. दोन मिनिटांत आजी आपणहून म्हणाल्या, “पाहुणे आले अन् घरात गुंड रिकामा असला, त मंग कसंतरीच वाटते. कमीपणा वाटते.” (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं.)

कमीपणा! शब्द दारातच सापडला. दिवसभर शब्दकोश चाळून आम्ही ‘लज्जा’, ‘अवमान’, ‘संकोच’ असे पर्याय काढले होते. प्रश्नात आता ‘कमीपणा’ घातला. दुसऱ्या एकीकडून तो परत इंग्रजीत करून घेतला, मूळ अर्थाच्या जवळ आला. हिंदी प्रतीचं तसंच करायचं आहे. ते काम सोमवारी.

१६ एप्रिल, मंगळवार

शुक्रवारी मतदान, त्यामुळे प्रत्येक दारात पहिला प्रश्न आम्हालाच : “स्लिपा वाटाले आल्या का?” नाही म्हटलं तर दुसरा : “मंग कोणत्या पक्षाकडून?” एका काकांनी पाण्याची सगळी गाऱ्हाणी उमेदवाराला पोचवायची म्हणून जरा चढवूनच सांगितली, आणि मग आम्ही कोणाकडूनही नाही हे कळल्यावर चहा मात्र पाजला. हा फॉर्म बाजूला ठेवला. २२ तारखेपर्यंत क्षेत्रकाम बंद.

२४ एप्रिल, बुधवार

परत सुरू. आज दोन उत्तरं अशी मिळाली की संध्याकाळी बसमध्ये डोक्यातून जाईनात.

पहिलं घर, पत्र्याचं. तेरावा प्रश्न. बाई म्हणाल्या, “कूलरच नाही, त पाणी कायले टाकू?” मुलाखत घेणाऱ्या आमच्या मुलाने फॉर्मवर ० लिहिलं. कधीच नाही. तांत्रिकदृष्ट्या खरं : कूलर कोरडा ठेवायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही.

दुसरं घर, दोन गल्ल्या सोडून. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत निळे ड्रम, सहा. प्रत्येकावर ताट झाकलेलं, ताटावर दगड. बाई चार वाजता उठतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेजारी टिल्लू पंप लावायच्या आत आपलं भरून घ्यावं लागतं, एकदा पंप सुरू झाला की इकडे नळाला नुसता सुस्कारा येतो. पाण्याची काळजी वाटली असं किती वेळा झालं? “मले कायची काळजी? सहा ड्रम भरून ठेवते मी.” कधीच नाही. ०.

आणि तिसरं ० माझ्या स्वतःच्या घरचं, सकाळी गंमत म्हणून भरलेलं. गच्चीवर टाकी, खाली टाकी, पंप आपोआप चालू होतो. मलाही कधीच काळजी वाटली नाही.

तीन घरं, तीन ०. संगणकाला तिन्ही सारखेच.

२५ एप्रिल, गुरुवार

कूलरपुरता उपाय केला : ‘लागू नाही’साठी वेगळा कोड, ९. सगळ्यांना फोन करून सांगितलं, जुने फॉर्म परत तपासून दुरुस्त केले. ड्रमवाल्या बाईंसाठी उपाय सुचत नाही.

६ मे, सोमवार

डेटा-भरणी संपली. पारा ४३-४४ च्या आसपास, आमच्या खोलीतल्या कूलरची मोटर सकाळीच जळली, प्रकल्पाच्या खर्चात कूलर बसत नाही.

पहिलं मॉडेल चालवलं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘लावान’ नावाच्या पॅकेजमधून. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या येव्ह रॉसील यांनी ते लिहिलं आणि फुकट खुलं ठेवलं. आमच्यासारख्यांचा संसार त्यावरच चालतो, कारण विकतच्या सॉफ्टवेअरच्या किमतीत दोन महिन्यांचं क्षेत्रकाम होतं.

उत्तरं ०-१-२-३ अशी पायऱ्यांची आहेत. १ आणि २ मधलं अंतर २ आणि ३ मधल्या अंतराएवढंच, असं मानायला काहीच आधार नाही. म्हणून त्यांना नुसते आकडे न मानता क्रम म्हणून सांगितलं. मग पॅकेज असं धरतं की प्रत्येक उत्तरामागे एक अखंड पट्टी आहे आणि तिच्यावर उंबरठे आहेत : पहिला ओलांडला की ‘एकदोनदा’, दुसरा ओलांडला की ‘३ ते १०’. त्या अखंड पट्ट्यांमधले सहसंबंध काढून त्यावर फॅक्टर बसवायचा.

निकाल बघून खुर्चीवरून उठलेच. तेरा प्रश्नांत फॅक्टरशी सगळ्यात घट्ट बांधलेला प्रश्न कोणता? कूलर! माझा कूलर! मॅडमना रात्री साडेनऊला मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला.

७ मे, मंगळवार

मॅडमचा सकाळी फोन. “उंबरठे मोज.”

चार प्रकारच्या उत्तरांना तीन उंबरठे लागतात. बारा प्रश्नांसमोर तीन-तीन होते. कूलरसमोर चार.

कळायला एक क्षण लागला, मग कानशिलं गरम झाली. ९. ‘लागू नाही’चा ९ मी रिकामा करायला विसरले होते. पॅकेजला सांगितलं होतं की हे क्रमाने लावलेले आहेत, त्याने इमानेइतबारे लावले : ०, १, २, ३, ९. म्हणजे ज्यांच्याकडे कूलरच नाही, ते कूलरच्या बाबतीत सगळ्यात वाईट अवस्थेतले ठरले. आणि ज्यांच्याकडे कूलर नाही ती घरं बहुतेक खरंच गरीब, तिथे बाकीच्या बारा खुणाही जास्त. म्हणून लोडिंग (प्रश्न फॅक्टरशी किती घट्ट बांधलेला आहे तो आकडा) एवढं देखणं आलं.

चूक कुरूप दिसली असती तर मी ती शोधली असती. ही नटून आली. एक इशारा तर समोर होता : दोन-दोन प्रश्नांच्या तक्त्यांत रिकामे चौकोन आहेत असं पॅकेज सांगत होतं. क्रमवार डेटात ते नेहमीच होतं, म्हणून दुर्लक्ष केलं.

दुपारी ९ काढून तिथे रिकामं ठेवलं आणि परत चालवलं. आता निकाल फारच शहाण्यासारखा आला, तर मीही शहाणी झाले आणि सगळ्यात वरची ओळ आधी वाचली : किती घरं वापरली. कमी झाली होती. एकही उत्तर रिकामं असेल तर ते घरच्या घर गाळायचं, ही या पद्धतीतली पॅकेजची मूळ सवय. म्हणजे कूलर नसलेली सगळी घरं एका झटक्यात अभ्यासाबाहेर. पाण्याच्या असुरक्षिततेचा अभ्यास, आणि त्यातून पत्र्याची घरं गायब! जोडी-जोडीने उपलब्ध असेल तेवढं वापर असं सांगता येतं, तेही करून पाहिलं. पण त्यात गृहीत असं की जागा रिकामी राहिली ती योगायोगाने. इथे योगायोग कसला? जागा रिकामी आहे ती पैसे नाहीत म्हणून.

९ मे, गुरुवार

कूलर पट्टीतून बाहेर. मनाला लागलं थोडं.

पण फेकला नाही, त्याची जागा बदलली. आता ‘घरात कूलर आहे की नाही’ ही घराची स्थिती, नळाचे तास आणि माणसांची संख्या यांच्या रांगेत. म्हणजे जी तीन कारणं मी १० एप्रिलला चुकीच्या टोपलीत टाकली होती, ती साथीला परत आली, यावेळी बाण बरोबर दिशेने. एका बाजूला कारणं, मध्ये न दिसणारी असुरक्षितता, दुसऱ्या बाजूला बारा खुणा. या रचनेला मिमिक म्हणतात. योरेस्कोग आणि गोल्डबर्गर यांचा त्यावरचा लेख १९७५ चा.

कारणं जोडायच्या आधीच्या साध्या मॉडेलात बारा खुणांचे सहसंबंध ६६, शोधायची लोडिंग १२, हातात उरतात ५४ (डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते). हा ५४ कागदावर आधी काढून ठेवायचा आणि मग पॅकेजचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा, असा नियम आजपासून. वाण्याची यादी ताडतो तसाच.

१५ मे, बुधवार

आज सुधार-सूचकांकांचा मोह. मॉडेल नीट बसत नसेल तर पॅकेज एक यादी देतं : अमुक दोन खुणांमध्ये थेट धागा जोड, तमुक दोनमध्ये जोड, एवढं सुधारेल. यादीत वरचं नाव कपडे आणि अंघोळ. हे पटण्यासारखं आहे. दोन्हींना पिण्याचं नव्हे, वापरायचं पाणी लागतं, आणि ते बऱ्याच घरी बोरिंगचं असतं. असुरक्षितता सारखी असली तरी बोरिंग आटलं की दोन्ही एकदम अडतात.

दुसरं नाव राग आणि उपाशी झोपणं… नाही, तहानलेलं झोपणं. याचं कारण मी अर्धा तास रचत होते आणि ते दर पाच मिनिटांनी अधिक पटू लागलं. मॅडमचा नियम आहे : आधी कागदावर कारण लिही, मग धागा जोड, आणि कारण लिहायला तीन ओळींपेक्षा जास्त लागलं तर जोडू नकोस. माझ्या आठ ओळी झाल्या. खोडलं.

२४ मे, शुक्रवार

काल बुद्धपौर्णिमा, वस्तीत खीर मिळाली. आज भाषेची तपासणी.

जवळजवळ एक तृतीयांश मुलाखती हिंदीत झाल्या. नागपुरात हे होणारच, एकाच गल्लीत सासू मराठीत आणि भाडेकरू हिंदीत बोलतो. मराठी गटाची आणि हिंदी गटाची सरासरी ताडायची तर पट्टी दोन्हीकडे एकच हवी. एका भाषेतला फूट दुसऱ्या भाषेत अकरा इंचांचा निघाला तर उंची ताडण्यात अर्थ नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने तपासतात : रचना तीच आहे का, लोडिंग तीच आहेत का, उंबरठे तेच आहेत का.

अकरा प्रश्न पास. रागाचा प्रश्न उंबरठ्यावर अडखळला. सारख्याच त्रासातलं घर हिंदीत राग कमी कबूल करत होतं. मी लगेच दोन परिच्छेद लिहून टाकले : मराठीत ‘राग’, हिंदीत ‘गुस्सा’, छटा, संस्कृती, इत्यादी. छान जमले होते.

चहाच्या टपरीवर सहज विचारलं तेव्हा कळलं की हिंदीतल्या बहुतेक मुलाखती एकाच मुलाने केल्या, आणि ‘गुस्सा’ विचारायला त्याला संकोच वाटायचा म्हणून तो ‘झगड़ा हुआ क्या?’ असं विचारायचा. राग येणं वेगळं, भांडण होणं वेगळं. राग रोज येतो, भांडण क्वचित. संस्कृतीचे दोन परिच्छेद कचऱ्यात. पोराला रागावले नाही. प्रशिक्षणात हा प्रश्न मीच घाईत उरकला होता, जेवायला उशीर होत होता म्हणून.

तो प्रश्न दोन्ही गटांत मोकळा सोडला, बाकी अकरांचे उंबरठे बांधून ठेवले. अहवालात कारण लिहिणार, टपरीसकट नाही तरी मुलासकट.

३१ मे, शुक्रवार

सकाळपासून फोनवर एकच : नागपूर ५६ अंश! काल इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ दाखवलं, दुसऱ्या एकाने ५४. बाकी दोन ठिकाणी मात्र ४४ च्या आसपास. नंतर सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला. पण आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना खुलासा मान्य नाही. “५६ च होतं, मी वाळवण काढायला गेली होती ना गच्चीवर.”

मला मात्र आयतं उदाहरण मिळालं. चार तापमापक, खरं तापमान कुणालाच थेट दिसत नाही. कोण एकमेकांशी जुळतं, कोण भरकटतं, यावरून अंदाज. फॅक्टर मॉडेल हेच करतं. आणि त्याची दुबळी बाजूही तीच : चारही तापमापक उन्हात टांगले असते तर चौघांचं चुकीवर एकमत झालं असतं, आणि मॉडेलने त्या एकमताला खरं तापमान म्हटलं असतं. मॉडेल डेटावर किती नीट बसतं ते सांगणारे सूचकांकही खूश : सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली, सगळं झक्क. (हे उंबरठे १९९९ चे, हू आणि बेंटलर यांचे. ते अखंड आकड्यांवर काढलेले आहेत. आमच्यासारख्या पायऱ्यांच्या डेटात हे सूचकांक उगाचच चांगले दिसतात, म्हणून ते बघून पेढे वाटायचे नाहीत.)

‘सवय झाली’ हे आमचं ऊन आहे. सहा ड्रमवाल्या बाई काळजीच्या प्रश्नाला ० म्हणतात, रागाच्या प्रश्नाला ०, कमीपणाच्या प्रश्नाला ०. त्यांची सगळी उत्तरं एकमेकांशी सुरेख जुळतात. मॉडेलला त्यांच्यात काही खोट दिसत नाही. माझ्या शेजारी, माझ्याच गुणांवर बसवतं त्यांना.

५ जून, बुधवार

मॅडमशी यावर भांडण म्हणावं इतकी चर्चा. त्यांचं म्हणणं : पट्टी अनुभव मोजते. बाईंना काळजीचा अनुभव नाही, तर ० खरं आहे. पट्टीच्या तोंडी आपलं म्हणणं घालू नकोस.

माझं म्हणणं : चारला उठण्याचं काय? पट्टीत दिवसाचा बेत बदलावा लागला का असा प्रश्न आहे, पण बाईंचा बेत बदलत नाही, कारण सगळा बेतच पाण्याभोवती बांधलेला आहे. बदलायला काही उरलेलंच नाही.

मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग तो वेगळा फॅक्टर आहे. त्रास एक, आणि त्रास होऊ नये म्हणून घातलेली मेहनत दुसरा. दुसऱ्यासाठी तुझ्याकडे एक तरी खूण आहे का?” नव्हती. “एका खुणेवर फॅक्टर उभा राहत नाही. दोनवर लंगडतो. तीन आण.”

१४ जून, शुक्रवार

पुन्हा त्या घरी गेले, ताईंना घेऊन. फॉर्म नेला नव्हता. बाई आणि शेजारच्या दोघी दारात बसल्या, तासभर नुसतं ऐकलं. घरी येऊन लिहून काढलेल्या खुणा : पाण्यासाठी पहाटे उठणं. पाण्याच्या वेळेला घरी कुणीतरी हवं म्हणून काम किंवा कार्यक्रम आधीच नाकारणं. ड्रम धुणं-झाकणं-हलवणं यात जाणारा वेळ. एकीने सांगितलं की ती लग्नांना जाते, पण मुक्कामाला राहत नाही. चौथी खूण हीच.

मूळ १२ प्रश्नांना हात लावायचा नाही, नाहीतर इतर ठिकाणांशी तुलना संपली. हे चार वेगळ्या पानावर, मागे. आणि प्रत्येक ० च्या खाली आता एक छोटी ओळ : प्रसंगच येत नाही / आधीच सोय केलेली असते / खरंच अडचण नाही. मुलाखत सहा-सात मिनिटांनी लांबेल. मुलं कुरकुरतील.

निघताना बाईंना विचारलं की पाऊस लागल्यावर ड्रम कमी करता का. “कायले? पावसात त नळाले गढूळ येते. मंग तर दोन जास्त लागतात.”

फॉर्मच्या ४० प्रती सोमवारी सीताबर्डीवरून काढायच्या. ‘झगड़ा’ शब्दावर लाल रेघ मारून एक प्रत त्या मुलाला वेगळी द्यायची.